निचऱ्याची सोय

आकुर्डी,
रविवार, २३ नोव्हेंबर

आदरणीय निलोफर खाला यांना साबियाचा सलाम.

उजव्या गुडघ्याची चौकशी आधी करते. मागच्या पत्रात मी डाव्याची केली होती आणि तुम्ही उत्तरात कळवलंत की दुखतो तो उजवा, डावा नुसता त्याच्या सोबतीला लंगडतो. दोघांनाही आराम पडो. जुन्नरला थंडी सुरू झाली असेल, तेव्हा सकाळी अंगणात पाणी मारायचं काम उन्हं वर आल्यावर करत जा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. अम्मीचं ब्लडप्रेशर अम्मीच्या म्हणण्याप्रमाणे वाढलेलं आहे आणि मशीनच्या म्हणण्याप्रमाणे ठीक आहे (ती मशीन बदलायचं म्हणते आहे). अब्बांची कंबर धरते आणि सुटते. मी दोन्ही अंगठे सोडून बरी आहे. अंगठ्यांचं पुढे येईलच.

हातात फोन असताना पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही चौतीस वर्षं झेडपीच्या शाळेत पत्रलेखन शिकवलंत, आणि मला मे महिन्याच्या सुट्टीत आंबे खाताना शिकवलंत, की मुख्य मुद्दा शेवटी ठेवावा म्हणजे वाचणारा मधलं सगळं वाचतो. म्हणून कारण शेवटी.

बातमी अशी की आम्ही रानात मुक्कामाला जाणार आहोत. बारा ते चौदा डिसेंबर, तीन दिवस, तंबूत. आम्ही म्हणजे अब्बा, अम्मी आणि मी. हे वाचून तुम्ही चष्मा काढून पुसला असणार, आणि पुसणं योग्यच आहे, कारण लग्न, मयत आणि दवाखाना ही तीन कारणं सोडून आमच्या घरातलं कोणी कुठे मुक्कामाला गेल्याचा इतिहास नाही. अब्बांनी सव्वीस वर्षांत गॅरेज सलग दोन दिवस बंद ठेवलं ते फक्त माझ्या पदवीदान समारंभाला (एक दिवस समारंभाचा, दुसरा दिवस ती पदवी फ्रेम करून आणायचा). ती फ्रेम अजून गॅरेजमध्येच आहे, बॅटरीच्या पाण्याचा तक्ता आणि ऑइल कंपनीचं कॅलेंडर यांच्या मध्ये. ऑइल बदलायला आलेल्या रिक्षावाल्याला ती वाचून दाखवावी लागते, मगच अब्बा खालचा बोल्ट सैल करतात. एकाने चुकून "बी.एस्सी. म्हणजे किती पास?" असं विचारलं, तर त्याची गाडी त्या दिवशी झाली नाही.

तर मुक्काम कशासाठी, हे आता मोकळेपणाने सांगते. तुम्हाला माहीत आहे की मी चाकणला कंपनीच्या सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी रोज सकाळी बाटलीत भरायचं, त्याची तब्येत तपासायची आणि रजिस्टरला लिहायची. काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, कॅन्टीनला बुधवारी गुलाबजाम असतो. पण खाला, दीड वर्ष मी जे पाणी तपासते ते पाणी पिणारं कोणी नाही. आणि जे पाणी माणसं रोज पितात, ते तपासणारं कोणी नाही. सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात, एक छोटी संस्था हे काम करते. पाड्यापाड्यावर जायचं, तिथल्या बायकांना आणि शाळेतल्या मुलांना आपल्याच झऱ्याचं पाणी स्वतः तपासायला शिकवायचं. दोन वर्षं, तिथेच राहून. माझी निवड झाली आहे. येणार की नाही ते वीस डिसेंबरपर्यंत कळवायचं आहे. अब्बा आणि अम्मीने आनंदाने हो म्हटल्याशिवाय जायचं नाही, असं मी ठरवलं आहे. नुसतं हो नको, आनंदाने हवं. (तुम्ही म्हणाल, ही मुलगी उगाच अट वाढवून घेते. घेते खरी.)

पण हो म्हणायला आधी प्रश्न ऐकावा लागतो, आणि अब्बा गंभीर विषय निघाला की गाडीखाली जातात. ही म्हणण्याची रीत नाही, खरंच जातात. त्यांची ती चाकं लावलेली फळी आहे ना, तिच्यावर आडवे होतात आणि सर्रकन आत. दादीच्या आजारपणात ते एका मालवाहू टेम्पोखाली चार दिवस होते असं अम्मी सांगते. मी दिवाळीपासून सात वेळा विषय काढला. "अब्बा, मला जरा बोलायचंय" एवढं म्हटलं की "पाना दे बेटा, चौदा नंबरचा," आणि समोर नुसते दोन पाय उरतात. सातव्या वेळी गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती म्हणून मी खूश झाले, तर ते शेजारच्या चहावाल्याच्या गाड्याखाली गेले आणि त्याचं चाक आवळत बसले. मी सातही वेळा सगळं बोलून टाकलं, पण पायांशी. पाय काही बोलले नाहीत.

तेव्हा मी विचार केला की अब्बांना अशा जागी न्यावं जिथे सरकायला गाडी नाही, फोनला रेंज नाही आणि गिऱ्हाईक नाही. शोधता शोधता मुळशीच्या पलीकडे धरणाच्या फुगवट्यावर एक रानमुक्काम सापडला. एसटी जिथे संपते तिथून चार किलोमीटर चालायचं, मग झाडी, तंबू आणि पाणी. गळाने मासे धरायचे आणि कनूमधून फिरायचं. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, अरुंद, वल्ह्याने हाकायची होडी. तिचा फोटो पाहिला आणि मला सगळं लख्ख दिसलं. मधोमध पाणी, होडीत आम्ही दोघं, आणि होडीच्या खाली जायची काही सोय नाही.

रानमुक्काम ज्ञानदेव नावाचे एक गृहस्थ चालवतात. त्यांच्याशी बोलणं फक्त ते आठवड्याच्या बाजाराला खाली उतरतात तेव्हा होतं. मी अकरा प्रश्न लिहून ठेवले होते. माशांबद्दल ते म्हणाले, "मासं हायती, पर ती आपल्या मर्जीनं येत्यात." जनावरांबद्दल म्हणाले, "हायती की, पर ती बी आपल्या मर्जीनं." आणि कनूबद्दल म्हणाले की दोन होत्या, त्यातल्या एकीत म्हैस बसली आणि दुसरी मेव्हण्याने नेली, तेव्हा तुमच्याकडे असली तर घेऊन या. आपल्या घरी कनू असेल असं त्यांना का वाटलं कोण जाणे, पण तेवढ्यात बाजार संपला आणि फोन लागेना.

मी कंपनीत धोक्याचे तक्ते भरते, त्याच धर्तीवर मुक्कामाचं अकरा पानी नियोजन केलं. एका रकान्यात धोका, दुसऱ्यात शक्यता, तिसऱ्यात उपाय. पाऊस, साप, पाय मुरगळणं, सगळं लिहिलं. "अम्मीचा नकार" या धोक्यापुढे शक्यता "शंभर टक्के" लिहून उपायाचा रकाना मोकळा ठेवला. अम्मीने ते पान वाचलं आणि तिथे पेनने लिहिलं, "मी येणारच नाही, मग धोका कसला." तिचं म्हणणं असं की ज्यांना घर नाही त्यांनी तंबूत राहावं. पण विरोध करता करता ती रोज यादीत एकेक वस्तू वाढवते आहे. पाच लिटरचा कुकर, पाटा नको पण वरवंटा, आणि मिक्सर. तिथे वीज नाही असं सांगितलं तर म्हणाली, "वीज येईल तेव्हा मिक्सर नसला तर?" मी मिक्सर यादीत लिहिला.

माशांवरून तर तीन दिवस घर पेटलं होतं. माझं तत्त्व असं की मासा धरायचा, बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मी हे तिला नीट, शास्त्रीय पद्धतीने, नदीच्या अन्नसाखळीचं चित्र काढून समजावलं. तिने चित्र पाहिलं, चित्रातल्या माशाला खवले नाहीत हे दाखवलं आणि विचारलं, "सोडायचाच आहे तर त्याला वर बोलवायचं कशाला? त्याला काय वाटेल?" अब्बांनी यात कुठलीच बाजू घेतली नाही, पण क्लचवायरची एक तार उलगडून तिचा गळ वाकवला, वजनाला आठ नंबरचा नट बांधला आणि गॅरेजच्या दारात बसून पाण्याच्या ड्रममध्ये सराव सुरू केला. ड्रममध्ये मासा नव्हता. तरी ते दीड तास बसले. दोन गिऱ्हाइकं आली, तीही बसली.

आता कनूचं. मी फोटो दाखवला तसं अब्बांनी चष्मा कपाळावर घेऊन तो बोटाने मोठा केला. "याला ब्रेक कुठंय?" मी म्हटलं, नसतो. "रिव्हर्स?" उलटं वल्हवायचं. "म्हणजे गाडीला काही नाही, सगळं ड्रायव्हरलाच. हे तर एहसान एका आठवड्यात करेल." एहसानचाचांना तुम्ही मी पाळण्यात असताना, माझ्या आकिकाच्या जेवणाला पाहिलंय, मोठ्याने हसणारे आणि बिर्याणीत बटाटा शोधणारे. कुरुळीच्या पुढे त्यांची शेड आहे, तिथे ते टेम्पोच्या बॉड्या बांधतात. बत्तीस वर्षं. चाकणच्या रस्त्याने भाजी नेणारा, पत्रा नेणारा, म्हशी नेणारा कुठलाही टेम्पो बघा, त्याचा हौदा एहसानचाचांच्या हातचा असण्याची शक्यता आहे. त्यांनी फोटो दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, "माल काय भरणार?" अब्बा म्हणाले, "मी आणि साबिया." "मग अठरा गेजचा पत्रा बास."

खाला, त्या आठवड्यात अब्बा जेवढे हसले तेवढे मी त्यांना कधी हसताना पाहिले नव्हते. गॅरेज पाचला बंद करून कुरुळीला जायचे. दोघं म्हातारे जमिनीवर खडूने होडी काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे आणि भांडायचे. आठव्या दिवशी होडी तयार झाली. रंग पिवळा, कारण पिवळा शिल्लक होता. पेंटरने सवयीने दोन्ही बाजूंना वेलबुट्टी काढली, पुढे "माँ की दुआ" आणि मागे "अंतर ठेवा" लिहिलं. अब्बांनी हॉर्न बसवला होता, तो मी पर्यावरणाच्या मुद्द्यावर काढायला लावला. उचलायला चार माणसं लागत होती, पण मी असं वाचलं होतं की जड होडी स्थिर असते.

शनिवारी ताबा घ्यायला गेलो. मी चेकलिस्ट नेली होती. एहसानचाचांनी एकेक भाग हात फिरवून दाखवला. वेल्डिंग बघा, कडा बघा, दोन बसायच्या फळ्या बघा. मग खाली वाकून बोट दाखवत म्हणाले, "आणि ही चार भोकं. दर फळीच्या पुढ्यात दोन दोन. पाणी आत थांबणार नाही." अब्बांनी प्रत्येक भोकात अंगठा फिरवून पाहिला. "घासलीत ना नीट? हाताला लागतील." "लोण्यासारखी." अब्बा समाधानाने उठले. ज्यांच्या डोळ्यांदेखत पाणी साचून शेकडो टेम्पोंचे पत्रे सडले, त्यांना तळाला भोक दिसलं की बरं वाटतं, हे मी समजू शकते. पण मी, बी.एस्सी. प्रथम श्रेणी, घरातली पहिली पदवीधर, दीड वर्ष पाण्याचाच पगार खाणारी, मी काय केलं? चेकलिस्टवर "निचऱ्याची सोय" असा रकाना होता. तो मीच घातला होता. त्यापुढे मी "आहे" असं लिहिलं आणि बरोबरची खूण केली. तो कागद मी जपून ठेवला आहे. पुढे आयुष्यात कधी गर्व वाटला तर काढून बघेन.

रविवारी, म्हणजे गेल्या सोळा तारखेला, चाचणी. अब्बांचे एक जुने गिऱ्हाईक मारुंजीचे कोंडाजी आहेत. जमिनीवर आता आयटीवाल्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या उभ्या आहेत, पण मागे थोडी भाजी करतात आणि तिच्यासाठी शेततळं ठेवलंय. होडी टेम्पोत घालून निघालो आणि भूमकर चौकापासून हिंजवडीच्या गर्दीत जे अडकलो ते दीड तास. रविवार असूनही. आजूबाजूच्या गाड्यांतून लोक फोटो काढत होते. एका कंपनीच्या कॅबची काच खाली झाली आणि आतल्या मुलाने आदराने विचारलं, "काका, आयटी पार्कच्या कुठल्या फेजला जाते?" अब्बांनी तेवढ्याच आदराने सांगितलं, "मारुंजीला." मुलाने मान हलवली. त्याला एकंदर व्यवस्था पटलेली दिसली.

कोंडाजी तळ्याच्या बांधावर उभेच होते. होडी उतरवताना चारही बाजूंनी फिरून म्हणाले, "करीमभाई, ही होडी हाय का हौद?" अब्बा म्हणाले, "पाण्यात गेल्यावर कळंल." मग कोंडाजी मला म्हणाले, "भ्यायचं न्हाई पोरी, मधी बी छातीएवढंच पाणी हाय." मला पोहता येतं हे मी सांगितलं नाही, त्यांचं म्हणणं फार मायेचं होतं. अब्बा आणि मी होडीत बसलो, समोरासमोर, जेवायला बसतात तसे (पुढे तोंड करून बसायचं असतं हे नंतर कळलं). एहसानचाचांनी आणि कोंडाजींनी मिळून ढकललं, आणि ढकलण्याच्या जोरातच आम्ही तळ्याच्या मध्यापर्यंत गेलो. पहिले आठ सेकंद फार सुंदर होते. अब्बा हसले. मी मनात वाक्य जुळवायला घेतलं.

मग चार कारंजी उडाली. सरळ, स्वच्छ, चारही एकाच उंचीची. एहसानचाचांच्या हाताला सफाई आहे, हे त्याही क्षणी मान्य करावं लागलं. अब्बा माझ्याकडे बघत राहिले, मी अब्बांकडे, आणि सव्वीस वर्षांच्या गॅरेजला आणि तीन वर्षांच्या पदवीला एकाच वेळी उलगडा झाला. "अंगठा लाव," अब्बा म्हणाले. भोकं अंगठ्याच्याच मापाची होती. माझे दोन अंगठे माझ्या फळीपुढच्या दोन भोकांत, त्यांचे दोन त्यांच्या. कारंजी थांबली. घोट्यापर्यंत पाणी, दोघंही वाकलेले, आणि वल्ही तरंगत तरंगत होडीबाहेर निघून गेलेली. बांधावरून चाचा ओरडले, "दोरी फेका." दोरी होती, पण ती आमच्याच पायाखाली होती, आणि फेकायला हात नव्हता. तेव्हा कोंडाजी दुसरी दोरी आणायला घरी गेले, आणि कुठली दोरी लागेल हे त्यांना कळणार नाही म्हणून एहसानचाचाही मागोमाग गेले.

खाला, आता तुम्ही ते चित्र डोळ्यांसमोर आणा. चारी बाजूंना पाणी. बांधावर कोणी नाही. अब्बा माझ्यापासून तीन हातांवर, दोन्ही अंगठे गुंतलेले, आणि होडीखाली जायचं म्हटलं तर बुडूनच जावं लागेल. मी अकरा पानं खर्चून मुळशीच्या पलीकडे जे शोधत होते ते मला मारुंजीत मिळालं होतं. मी म्हटलं, "अब्बा, मला अक्राणीला जायचंय. दोन वर्षं."

त्यांनी आधी दोन्ही अंगठे नीट दाबून घेतले. मग गाडी तपासताना विचारतात तसे एकेक प्रश्न आले. रस्ता कसा आहे? घाटाचा. पावसात बंद होतो? कधीकधी. राहायची खोली कोणाबरोबर? संस्थेच्या दोन ताईंबरोबर. त्यातली मोठी किती वर्षं तिथे आहे? अकरा. "आजारी पडलीस तर पहिलं कोण येईल?" मी म्हटलं, त्याच ताई येतील, आणि धडगावला सरकारी दवाखाना आहे. मी म्हटलं, अब्बा, मी हे सात वेळा सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "सातही वेळा ऐकलं. गाडीखाली गेल्यावर कान बंद होत नाहीत."

"मग बोलला का नाही?"

"खाली असताना डोळ्यांत पाणी आलं तर ग्रीस गेलं म्हणता येतं. वर आल्यावर काय सांगणार?"

अंगठे आखडून आले होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं की तिथल्या झऱ्याचं पाणी वाईट असलं तर मी काय करणार, नुसतं वहीत लिहिणार का? मी म्हटलं, नाही, तिथल्या बायकांना ते कसं ओळखायचं ते शिकवणार, मग त्या पंचायतीला विचारतील. ते म्हणाले, "म्हणजे गाडी दुरुस्त करायची नाही, मालकालाच मिस्त्री करायचं." मी म्हटलं, हो. "धंदा बुडेल अशाने," असं म्हणाले आणि हसले. मग म्हणाले, "जा बेटा. मी खुश आहे. तुला तसंच पाहिजे होतं ना, खुशीने? जा."

आणि खाला, दुवा देताना त्यांची हात डोक्यावर ठेवायची सवय तुम्हाला माहीत आहे. त्यांनी सवयीने उजवा हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मीही सवयीने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. चारांतली तीन भोकं मोकळी झाली. आम्हाला ते कळलं तेव्हा पाणी मांडीपर्यंत आलं होतं, आणि अब्बांचा हात डोक्यावरून निघाला तोवर होडी तळाशी टेकली होती. आम्ही छातीभर पाण्यात उभे राहिलो. बुडताना इतकं बरं वाटू शकतं याची मला कल्पना नव्हती.

बाहेर यायला आणखी पंचवीस मिनिटं लागली, कारण शेततळ्याच्या उताराला जाड काळा प्लास्टिकचा कागद असतो आणि त्यावरून माणूस जितकं चढतो तितकंच परत येतो. अब्बा तिसऱ्या वेळी घसरून परत आले तेव्हा मला म्हणाले, "इथं हँडब्रेक पाहिजे." मग दोर आला, तोही टेम्पोचा टायर बांधून, एहसानचाचांनी खास करून घेतलेला. कोंडाजींनी आम्हाला ओढून काढलं, तळाशी पडलेली पिवळी होडी पाहिली आणि म्हणाले, "आता कळलं. हौद हाय." त्यांच्या घरच्यांनी, गिरजाबाईंनी, मला स्वतःचं नवं लुगडं नेसायला दिलं आणि आलं घातलेला चहा पाजला. एहसानचाचा चहा न घेता बांधावर उभे होते. त्यांना होडी बुडाल्याचं वाईट वाटलं नव्हतं. "बत्तीस वर्षांत," ते सगळ्यांना सांगत होते, "माझ्या एका गाडीत पाणी थांबलेलं नाही." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी चार माणसांनी होडी वर उचलली तेव्हा आतलं सगळं पाणी एका मिनिटात निघून गेलं.

तर असं झालं. पत्र लांबलं. तुम्ही लाल पेनने खुणा करत वाचत असाल तर ऱ्हस्वदीर्घ माफ करा, अंगठ्यांची सूज अजून पूर्ण उतरलेली नाही. गुडघ्याला ऊन दाखवत जा. मोठ्यांना सलाम, लहानांना प्यार.

तुमची भाची,
साबिया

ता. क. होडीच्या भोकांना आता रबराचे वायसर घालून बोल्ट आवळले आहेत. गुरुवारी मारुंजीला परत नेली, तरंगते. एहसानचाचांनी बोल्ट स्वतः लावले नाहीत, अब्बांना लावू दिले, आणि त्या वेळी ते पाठ करून उभे राहिले.

ता. क. २. आता फोन न करण्याचं कारण. तुम्ही आणि अम्मी दोघीही फोन स्पीकरवर ठेवून बोलता, आणि अम्मीला अक्राणीचं अजून काहीही माहीत नाही. अब्बा म्हणतात, माझा हो मी दिला, तिचा तू आण. अम्मी विषय टाळत नाही, ती लगेच तुम्हाला फोन लावते आणि तुम्ही जे म्हणाल ते तिचं मत होतं, अगदी मेथी कधी निवडायची इथपर्यंत. म्हणून हात जोडून विनंती आहे की बारा तारखेला तुम्हीही मुक्कामाला या. गुडघ्यासाठी चार किलोमीटरची सोय ज्ञानदेवांनी केली आहे (घोडा आहे, शांत आहे, पण तोही आपल्या मर्जीने येतो). होडीत तुम्ही आणि अम्मी बसा, समोरासमोर. वल्ही मी काठावरच काढून घेईन. तोपर्यंत तिला यातलं एक अक्षरही कळू देऊ नका. पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका.

ता. क. ३. अब्बा आत्ता चिंचवडला निघालेत, पत्र पेटीत टाकायला त्यांच्याच हाती देते, म्हणजे घरात राहायला नको.

आपा, सलाम. हे खालचं मी नजमुन्निसा लिहिते. साबियाच्या अब्बांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, लग्न झाल्यापासून पोस्टाचं काम ते माझ्याकडेच देतात. डिंक ओला होता, पाकीट आपोआप उघडलं. सगळं वाचलं. चांगलं लिहिते पोरगी, तुझा हात आहे.

अक्राणीचं मला त्याच रविवारी कळलं. नवरा आणि मुलगी टेम्पोतून ओली येतात, मुलीच्या अंगावर दुसरीचं लुगडं, आणि दोघं हसतायत, तर मी विचारणार नाही का? साबिया अंघोळीला गेल्यावर तिच्या अब्बांना विचारलं, त्यांनी एका दमात सांगितलं. मी थोडी रडले, मग तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली, तिकडे थंडी फार असते म्हणतात. साबियाला सांगितलंय की गोधडी जुन्नरच्या खालासाठी शिवतेय, तेव्हा तिने विचारलं तर हो म्हण, निळा काठ तूच मागितलास म्हण.

माझा होकार आहे. खुशीने आहे. पण आज दिला तर ही उद्या बॅग भरायला घेईल आणि मुक्काम राहून जाईल. आपा, सव्वीस वर्षांत मी पाण्याजवळ गेले ती धुणं घेऊनच. होडीत कधी बसले नाही. तेव्हा होकार मी चौदा तारखेला दुपारी देईन, वीसच्या आत बसतंय. तू नक्की ये. तीन दिवस मला समजावत राहा. मी ऐकणार नाही.